एपिलेप्सीचं ऑपरेशन आणि एमआरआयचं ‘आपोआप’ वाचन : भाच्यासाठी माहिती हवी आहे

तापीकाठ | रविवार, रात्री ९.५०

राम राम मंडळी. मी चोपड्याकडचा, नोकरी जळगावात. प्रश्न माझ्या भाच्यासाठी आहे. वय १९. शाळेत असल्यापासून फिट येतात, बहुतेक झोपेत. डावा हात ताठ होतो, मान डावीकडे वळते आणि अर्ध्या मिनिटात सगळं संपतं. पण एका रात्रीत तीनतीन चारचार वेळा. गावाकडे फेफरं म्हणून जे जे करतात ते सगळं करून झालंय, त्यावर इथे चर्चा नको ही विनंती. कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासेटम, क्लोबाझम, व्हॅल्प्रोएट. डोस वाढवून झाले, जोड्या बदलून झाल्या. जळगावच्या न्यूरॉलॉजिस्टनी शेवटी स्पष्ट सांगितलं, गोळ्या बदलण्यात आणखी वर्षं घालवू नका, ऑपरेशन होण्यासारखं आहे का ते मुंबईला तपासून घ्या.

मुंबईत व्हिडिओ ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद आणि सोबत फिटचं चित्रीकरण) झाला. उजव्या बाजूच्या पुढच्या भागातून सुरुवात होत असावी, असं ते म्हणतात. घोडं अडलंय एमआरआयवर. आमच्याकडे केलेला एमआरआय ‘नॉर्मल’. आता तिथले डॉक्टर म्हणतात, वेगळ्या पद्धतीने पुन्हा एमआरआय करा, तो आम्ही कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालवू. प्रोग्राम मेंदूच्या वरच्या थराची जाडी मोजतो आणि डोळ्याला न दिसलेलं कधीकधी दाखवून देतो.

बहीण घाबरलीय. तिचं म्हणणं, कॉम्प्युटर बोट ठेवेल तिथे कापणार का? उलट पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणतो, काका, हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सीडी द्या, मी लॅपटॉपवर चालवून दाखवतो. यातून कुणी गेलं असेल किंवा यातलं कुणाला कळत असेल तर सांगा.

सातपुडाना वारा | रविवार, रात्री १०.०५

मना मावसभाऊले बी हाईच शे. बठेल शे आठे, सांगा कोनी.

काळी फिल्म | रविवार, रात्री ११.२०

रेडिओलॉजिस्ट आहे, भुसावळच्या आसपास काम करतो. ‘नॉर्मल’ या शब्दापासून सुरुवात करू, कारण तिथेच बहुतेक घरांची वर्षं जातात.

आमच्याकडे रोज जे मेंदूचे एमआरआय येतात ते पक्षाघाताचे, अपघाताचे, डोकेदुखीचे. त्यासाठी जो नेहमीचा स्कॅन असतो त्यात ५ मिलिमीटरचे काप घेतात आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सोडलेली असते. पक्षाघात त्यात लपत नाही. पण तुमच्या भाच्यासारख्या मुलात संशय असतो तो फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझियाचा. म्हणजे गर्भातच मेंदूचा एखादा तुकडा नीट न रचला जाणं. १९७१ साली टेलर आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांवरून त्याचं वर्णन केलं. हा तुकडा कधीकधी जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि एखाद्या घडीच्या पार तळाशी दडलेला असतो. तो दोन कापांच्या मध्ये गेला तर मी काय, कुणीही पाहू शकत नाही. अशा वेळी ‘नॉर्मल’चा अर्थ एवढाच की या स्कॅनमध्ये, या प्रश्नाला, काही दिसलं नाही.

प्रश्न हाही मोठा भाग आहे. माझ्या टेबलावर जो कागद येतो त्यावर लिहिलेलं असतं, ‘फिट येतात’. बस. ‘झोपेत येतात, डावा हात ताठ होतो, उजवा फ्रंटल (पुढचा भाग) बघा’ असं लिहून आलं तर मी त्या भागावर वेगळा वेळ घालवतो. चांगल्या स्कॅनमध्ये बघायचं ते असं : तिथली साल, म्हणजे मेंदूचा वरचा थर, जाड झाली आहे का, करडा आणि पांढरा भाग यांची सीमा पुसट आहे का, फ्लेअरवर (एमआरआयच्याच एका प्रकारच्या चित्रावर) चमक आहे का, आणि ती चमक शेपटासारखी आत पोकळीपर्यंत गेली आहे का.

आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी संघटनेने २०१९ मध्ये यासाठी हार्नेस नावाचा प्रोटोकॉल सुचवला. तीन सिरीज, म्हणजे चित्रांचे तीन वेगवेगळे संच, हव्यात. टी-वन थ्रीडी, १ मिलिमीटरचा, मध्ये जागा न सोडता. फ्लेअर थ्रीडी, तोही १ मिलिमीटरचा. आणि टी-टू कोरोनल (समोरून घेतलेले उभे काप), हिप्पोकॅम्पसच्या (आठवणीशी जोडलेला मेंदूचा आतला भाग) लांबीला काटकोनात, पातळ कापांचा. ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन मिळालं तर उत्तम, पण १.५ टेस्लावर नीट केलेला स्कॅन हा ३ टेस्लावर घाईत उरकलेल्या स्कॅनपेक्षा कामाचा. जळगाव-धुळ्यातही हे होऊ शकतं. मशीनला जमतं, फक्त कुणीतरी मागावं लागतं आणि टेबलावर जास्त वेळ द्यावा लागतो.

बाइट पाटील | सोमवार, सकाळी ७.४०

मूळचा साक्रीचा, सध्या बेंगळुरूला मेडिकल इमेजिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

प्रोग्राम नेमकं करतो काय ते सांगतो, म्हणजे ताईंची भीती थोडी कमी होईल. या बहुतेक सगळ्याच्या मुळाशी फ्रीसर्फर आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस सेंटरमध्ये वाढलेलं. अँडर्स डेल आणि ब्रूस फिशल यांचे मूळ पेपर १९९९ चे. डॉक्टरांनी वर सांगितलेला टी-वन थ्रीडी स्कॅन त्याला दिला की तो कवटी वगळतो, करडा आणि पांढरा भाग वेगळा करतो आणि त्यांच्या सीमेवर बारीक त्रिकोणांची जाळी बसवतो. मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागावर लाखाच्या वर बिंदू. मग प्रत्येक बिंदूपाशी मोजमाप : सालीची जाडी किती, घडी किती खोल, वळण किती, करड्या-पांढऱ्याची सीमा ठळक की पुसट, फ्लेअरमध्ये तिथे चमक किती. साध्या कॉम्प्युटरवर एका डोक्याला कित्येक तास लागतात. जर्मनीत बॉनच्या लोकांनी फास्टसर्फर काढलं, त्यात हे काम बरंच लवकर उरकतं.

ही मोजमापं नंतर दोन गोष्टींशी ताडतात. एक, निरोगी लोकांची मोजमापं. दुसरी, त्याच माणसाची दुसरी बाजू. उजव्या फ्रंटलमध्ये साल जाड, डावीकडे त्याच जागी नेहमीसारखी, आणि उजवीकडे सीमाही पुसट. अशा चार गोष्टी एकाच ठिकाणी जुळल्या की प्रोग्राम तो भाग रंगवून दाखवतो. काप नाही, निर्णय नाही, रंगवलेला भाग. एवढंच.

डिस्प्लेझियासाठी सध्या सगळ्यात जास्त बोललं जातं ते मेल्ड प्रकल्पाबद्दल. लंडनच्या सोफी ॲडलर आणि कॉनराड वॅगस्टिल यांनी उभा केला. २०२२ च्या त्यांच्या पेपरमध्ये २२ केंद्रांतले ६१८ रुग्ण आणि ३९७ निरोगी माणसं होती. चाचणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या रुग्णांपैकी ५९ टक्क्यांत प्रोग्रामने बरोबर जागा पकडली. रंगवलेला भाग लीजनच्या (बिघडलेल्या तुकड्याच्या) अगदी कडेला होता तेही धरले तर ६७ टक्के. २०२५ मध्ये जामा न्यूरॉलॉजीत त्याची पुढची आवृत्ती आली, मेल्ड ग्राफ. रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून निसटलेल्या लीजनपैकी ६४ टक्के तिने पकडल्या. काळी फिल्म साहेब, राग मानू नका.

काळी फिल्म | सोमवार, सकाळी ८.१५

राग कसला. ज्या निसटल्या त्या निसटल्या. मला मदत मिळत असेल तर हवीच आहे.

मास्तर धुळेकर | सोमवार, दुपारी १.३०

गणिताचा मास्तर होतो, म्हणून तो पेपर काढून बघितला. बाइट पाटील यांनी एक आकडा सांगितला नाही. २०२२ च्या त्याच पेपरमध्ये निरोगी माणसांपैकी फक्त ५४ टक्के लोकांच्या डोक्यात प्रोग्रामला काही सापडलं नाही. म्हणजे शंभरातल्या सेहेचाळीस धडधाकट माणसांच्या मेंदूवर त्याने कुठे ना कुठे रंग लावला! माझाच एमआरआय टाकला तर जवळजवळ नाणेफेक. असल्या यंत्राच्या भरवशावर १९ वर्षांच्या पोराची कवटी उघडायची? ताईंची शंका मला तरी रास्त वाटते.

बाइट पाटील | सोमवार, दुपारी ३.१०

मास्तर, आकडा बरोबर आहे आणि सांगायला हवा होता असं म्हणणंही बरोबर. पण तुमचा एमआरआय त्यात कुणी टाकणार नाही, कारण तुम्हाला फिट येत नाहीत. प्रश्न निरोगी माणसाला विचारलेला नाही. भाच्याच्या बाबतीत व्हिडिओ ईईजीने आधीच सांगितलंय की उजवा फ्रंटल. आता समजा प्रोग्रामने तीन ठिकाणी रंग लावला. एक डाव्या बाजूला मागे, एक उजव्या टेम्पोरलच्या (कानाजवळच्या भागाच्या) टोकाला, एक उजव्या फ्रंटलच्या घडीत. पहिल्या दोघांकडे बघून न बघितल्यासारखं करायचं आणि तिसऱ्यापाशी थांबायचं. उगाच लावलेला रंग मेंदूभर कुठेही पडू शकतो. तो नेमका ईईजीने दाखवलेल्या जागीच, नेमका हाताच्या लक्षणांशी जुळेल असाच पडण्याची शक्यता बरीच कमी.

दुसरं, ग्राफ आवृत्तीत हे सुधारलंय. प्रोग्रामने दाखवलेल्या जागांपैकी खरोखर लीजन निघालेल्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीत ३९ टक्के होतं, नवीत ६७. अजूनही तीनातली एक जागा चुकीची. त्यामुळे आंधळा भरवसा नकोच.

केळीबाग | सोमवार, रात्री ८.४५

रावेरहून. मला यातलं काही कळत नाही, पण मास्तर-पाटील वाद वाचून आमच्या बागा आठवल्या. वरून ड्रोन फिरवला की पिवळी पडलेली झाडं दिसतात. सीएमव्ही (केळीवरचा विषाणूरोग) आहे, पाणी साचलंय की खत कमी पडलंय, हे खाली उतरून पान हातात घेतल्याशिवाय कळत नाही. झाड उपटायचं तर पान बघूनच. बरोबर ना डॉक्टर?

आणि एक विचारायचं होतं. आमच्या भावकीत एका मुलीच्या सीटी स्कॅनमध्ये ‘गाठ सुकलेली, चुना जमलेला’ असं निघालं होतं. तिलाही फिट येतात. हे सॉफ्टवेअर तिला चालेल का?

काळी फिल्म | सोमवार, रात्री ११.००

बरोबर. आणि तुमचा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण लंडनवाल्यांचे पेपर वाचताना आपण तो विसरतो.

सुकलेली गाठ म्हणजे बहुधा न्यूरोसिस्टिसरकोसिस. टेपवर्मची अंडी अन्न-पाण्यातून पोटात जातात, अळी मेंदूत पोचते, मरते आणि पुढे तिच्या जागी कॅल्शियमचा ठिपका राहतो. आपल्या देशात फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे, पाश्चात्य केंद्रांत तसं नाही. ठिपका सीटीवर स्वच्छ दिसतो, एमआरआयवर त्यासाठी खास सिरीज घ्यावी लागते. मेल्डसारखा प्रोग्राम डिस्प्लेझिया शिकलाय. त्याने गाठीबद्दल काही सांगितलं नाही तर ‘काही नाही’ असा अर्थ काढायचा नाही, त्याला ते शिकवलेलंच नाही. शिवाय ठिपका आहे म्हणजे फिट त्याच्यामुळेच येतात असंही नाही. ठिपका डावीकडे आणि उजवीकडचा हिप्पोकॅम्पस सुकलेला, असेही रुग्ण बघितलेत. त्या मुलीला सॉफ्टवेअरची नाही, आधी चांगल्या न्यूरॉलॉजिस्टची गरज आहे. पहिल्या-दुसऱ्या गोळीवरच थांबतही असेल.

आरामदायी जीवन | मंगळवार, सकाळी ६.१०

[प्रतिसाद काढून टाकला आहे.]

व्यवस्थापक | मंगळवार, सकाळी ९.००

‘सात दिवसांत मिरगी मुळापासून’ छापाच्या जाहिराती इथे चालणार नाहीत. फोन नंबरसह टाकल्यास सदस्यत्व बंद. आणि फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचे सल्लेही नकोत. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या.

शहाद्याची आई | मंगळवार, दुपारी २.२०

तापीकाठ भाऊ, तुमच्या बहिणीसाठी लिहितेय. माझ्या मुलीचं ऑपरेशन त्रिवेंद्रमला श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये झालं. मंगला एक्स्प्रेस भुसावळहून एर्नाकुलमपर्यंत जाते, पुढे दुसरी गाडी. तिच्या फिट वेगळ्या होत्या. पोटात गोळा उठल्यासारखं व्हायचं, मग टक लावून बघत राहायची आणि ओठ चावल्यासारखे हलवायची. आम्हाला सुरुवातीला ते फिट आहे हेच कळलं नाही.

तिचं कारण हिप्पोकॅम्पस सुकलेला, डावा. तो एमआरआयवर साध्या डोळ्यांनी दिसत होता, म्हणून प्रोग्रामवर फार काही अवलंबून नव्हतं. तरी त्यांनी दोन्ही हिप्पोकॅम्पसचं आकारमान मोजलेला तक्ता दाखवला. डावीकडे किती, उजवीकडे किती, वयाच्या मानाने किती असायला हवं. मी विचारलं, मग याच्यावरून ठरवलं का? डॉक्टर म्हणाले, ठरलं होतं आधीच. हा आकडा आम्हाला उजव्या बाजूसाठी हवा होता. डावा काढल्यावर जो उरणार तो धड आहे ना, हे बघायचं होतं. हे ऐकून माझी भीती कमी झाली, कारण ते काय काढायचं याच्याइतकाच काय उरेल याचा विचार करत होते.

ऑपरेशनला तयार होण्याआधी मी खूप रडले. तिथे एका डॉक्टरांनी दिल्लीच्या एम्सचा अभ्यास सांगितला, नंतर मी तो शोधून वाचून घेतला. २०१७ मध्ये छापलेला. गोळ्यांना दाद न देणारी ११६ मुलं. निम्म्यांचं ऑपरेशन, निम्मी गोळ्यांवर वाट बघत. एका वर्षाने ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्क्यांच्या फिट थांबलेल्या, गोळ्यांवरच्यांत ७ टक्क्यांच्या. त्यात काहींना एखाद्या अंगात अशक्तपणा यासारखे त्रासही झाले, तेही लपवलेलं नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. ऑपरेशनच्या आधी मानसशास्त्राच्या चाचण्या होतात. शब्दांची यादी वाचतात आणि थोड्या वेळाने आठवायला सांगतात. डाव्या बाजूच्या रुग्णात यावर बरंच अवलंबून असतं, कारण शब्दांची आठवण बहुतेकांत डावीकडची. आमच्या घरात अहिराणी, शाळा मराठी, आणि चाचणी हिंदीत घ्यायला निघाले! परक्या भाषेत गुण कमी पडले तर तो दोष मेंदूचा की भाषेचा, कसं कळणार? मी हटून बसले, तेव्हा मराठी येणारी एक मुलगी त्यांनी बोलावली. तुमच्या भाच्याला मुंबईत हा त्रास नसेल, पण घरची बोली अहिराणी किंवा पावरी असेल तर आधीच सांगून ठेवा. मशीन सगळं मोजेल, हे मोजणार नाही.

आता गोळ्या चालू आहेत, कमी डोसवर. कॉलेजला जाते. लग्नाचं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते की हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सी हे कारण १९९९ सालीच काढून टाकलंय. पुढचं तिचं ती बघेल.

सातपुडाना वारा | मंगळवार, दुपारी ३.००

ताई, डोयामा पानी उनं.

तापीकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

ताई, बहिणीला वाचून दाखवलं. ती आता निदान बोलतेय यावर. मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, प्रोग्रामने काही दाखवलं आणि ते एमआरआयवर परत बघितल्यावर पटलं, तर कदाचित पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतो ते दाखवणारा), आणि गरज पडली तर मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून काही दिवस फिट रेकॉर्ड करायच्या. त्यानंतर सगळ्यांची मीटिंग. कॉम्प्युटरवरून थेट ऑपरेशन थिएटर असं काही नाही.

पुतण्या मात्र ऐकत नाहीये. म्हणतो कोड उघडा आहे, इन्स्टॉल करायला किती वेळ लागतो.

बाइट पाटील | मंगळवार, रात्री ११.४५

पुतण्याला माझ्याकडे पाठवा. गमतीने नाही, खरंच. त्याला तीन गोष्टी सांगेन.

पहिली. फ्रीसर्फर आणि मेल्ड दोन्हींवर स्पष्ट लिहिलंय की हे संशोधनासाठी आहे, उपचाराचा निर्णय घेण्यासाठी मंजूर केलेलं साधन नाही. एपिलेप्सी सेंटरमध्ये ते वापरतात ते जोडीला, आणि समोर तो मेंदू वाचू शकणारी माणसं बसलेली असतात. घरी लॅपटॉपवर एक लाल डाग दिसेल आणि तो सगळ्यांच्या मनात घर करून बसेल. उद्या मीटिंगने तो डाग नाकारला तर ताईंना वाटेल की डॉक्टर काही लपवतायत.

दुसरी. प्रत्येक मशीनचा स्वतःचा स्वभाव असतो. त्याच माणसाची जाडी एका मशीनवर थोडी जास्त, दुसऱ्यावर थोडी कमी येते. म्हणून मेल्डवाले सुचवतात की त्याच मशीनवर त्याच सेटिंगने केलेले किमान २० लोकांचे स्कॅन देऊन आधी जुळवणी करा. मुंबईच्या सेंटरकडे तसे असतील. पुतण्याकडे एकच आहे. त्यात तुलनेची निरोगी माणसं बहुतेक युरोप-अमेरिकेतली. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा केला, तेव्हा आपला सरासरी मेंदू उंची, रुंदी आणि आकारमानात पाश्चात्य नकाशापेक्षा लहान निघाला. आजार नाही तो, फक्त माप वेगळं. दोन्ही बाजूंची आपसात तुलना केल्याने यातलं काही सुटतं, सगळं नाही.

तिसरी, हालचाल. स्कॅनच्या वेळी डोकं थोडं जरी हललं तरी प्रोग्रामला साल प्रत्यक्षापेक्षा पातळ वाटते. भाच्याला स्कॅनच्या आधीच्या रात्री फिट येऊन गेल्या असतील, अंग दुखत असेल, तो पडून राहू शकणार नाही. अशा दिवशी स्कॅन करू नका. आणि ‘स्कॅन आहे’ म्हणून सकाळची गोळी चुकवू नका, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तरच.

मास्तर धुळेकर | बुधवार, सकाळी १०.००

हालचालीचं मला माहीत नव्हतं. म्हणजे ज्यांना फिट जास्त, त्यांचाच स्कॅन खराब होण्याची शक्यता जास्त. आणि त्यांचीच निरोगी, शांत पडून राहिलेल्या माणसांशी तुलना! हा गणितातला मोठाच घोळ. पण प्रोग्रामने दाखवायचं आणि माणसाने परत बघायचं, हा क्रम राहिला तर माझी हरकत मागे घेतो. क्रम उलटा झाला तर पुन्हा येईन.

शहाद्याची आई | बुधवार, दुपारी १२.१५

ऑपरेशननंतरच्या स्कॅनवरही हे चालवतात का? आमच्या एका ओळखीच्यांनी मुलाचा नंतरचा एमआरआय कुठल्या तरी वेबसाइटवर टाकला आणि ‘मेंदू आकसलाय’ असा अहवाल घेऊन घाबरून बसलेत.

काळी फिल्म | बुधवार, रात्री ९.३०

ताई, जिथला भाग काढलाय तिथे पोकळी असते, त्यात पाणी भरलेलं असतं. अखंड मेंदू गृहीत धरून बनवलेला प्रोग्राम तिथेही साल शोधत बसतो आणि काहीही आकडे देतो. काढलेल्या भागाचं माप घ्यायला वेगळी साधनं आहेत, ती सेंटरवाले वापरतात. त्यांना म्हणावं, तो अहवाल फाडून टाका.

आणि वेबसाइटवर टाकण्याबद्दल. थ्रीडी टी-वन स्कॅनमध्ये चेहरा असतो. नाक, ओठ, कपाळ, सगळं. नाव खोडलं तरी त्यावरून चेहरा उभा करता येतो. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयमधून चेहरे तयार केले आणि चेहरा ओळखणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरला दिले. ७० जण बरोबर ओळखले गेले. मुलाच्या आजाराबद्दल शेजाऱ्यांना कळू नये म्हणून जपणारी माणसं त्याचा एमआरआय कुठल्याही साइटवर चढवतात, तेव्हा मला हसावं की काय कळत नाही. सेंटरमध्ये हे काम त्यांच्याच कॉम्प्युटरवर होतं. बाहेर पाठवायचं तर चेहरा पुसणारे प्रोग्राम आहेत, आणि तुमची लेखी संमती घ्यावी लागते.

केळीबाग | बुधवार, रात्री १०.१०

खर्चाचं कुणी बोललं नाही. महात्मा फुले योजनेत बसतं का?

तापीकाठ | बुधवार, रात्री १०.४०

आम्हाला सांगितलं की योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये जो आरोग्यमित्र बसतो त्याच्याकडे रेशन कार्ड, आधार आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन आधी जा. ऑपरेशन आणि आधीच्या तपासण्या यांचं वेगवेगळं विचारा. एका खासगी ठिकाणी ‘सॉफ्टवेअर चार्ज’ म्हणून वेगळी पावती करायला निघाले होते, तिथून आम्ही उठून आलो.

तापीकाठ | शनिवार, सायंकाळी ६.२०

मंडळी, नवा स्कॅन जळगावातच झाला. डॉक्टर, तुम्ही सांगितलेलं कागदावर लिहून नेलं, टेक्निशियन भला माणूस होता, वेळ दिला. भाचा शांत पडून होता. फिल्म नको, डायकॉमची (मशीनमधल्या मूळ फाइलींची) पूर्ण सीडी द्या असंही मागून घेतलं, कारण आधीच्या वेळी सीडीत निवडक चित्रंच होती. सिरीजची यादी अशी दिसतेय : टी-वन थ्रीडी १ मिलिमीटर. फ्लेअर थ्रीडी १ मिलिमीटर. टी-टू अॅक्सियल ५ मिलिमीटर. टी-टू कोरोनल ४ मिलिमीटर. चालेल का?

काळी फिल्म | शनिवार, रात्री ८.००

पहिल्या दोन उत्तम, प्रोग्रामला त्याच लागतात. कोरोनल २ मिलिमीटरचा हवा होता, पण संशय फ्रंटलचा आहे, त्यामुळे एवढ्यासाठी पुन्हा झोपवू नका. मुंबईला देताना व्हिडिओ ईईजीचा अहवाल आणि फिटचा मोबाइलवरचा व्हिडिओ सीडीच्या जोडीला द्या. जुना ‘नॉर्मल’ एमआरआयही न्या, तुलनेला लागतो.

तापीकाठ | शनिवार, रात्री ८.३०

सोमवारी निघतोय. मीटिंगमध्ये काय ठरलं ते इथे लिहीन. पुतण्याही सोबत येतोय, प्रोग्राम चालवताना बघू देणार का विचारतो म्हणतो.

सातपुडाना वारा | शनिवार, रात्री ९.१५

डॉक्टर, मना मावसभाऊनी सीडी बी देखी ल्या ना. आठेच टाकू का?

काळी फिल्म | शनिवार, रात्री ९.२०

इथे नको रे भाऊ! आधी सांग, व्हिडिओ ईईजी झालाय का त्याचा?